ठोक्यांचं माप

टेलरमावशींच्या शिलाई मशीनची वादी त्यांच्या सुनेने लपवून ठेवली, त्याला आठवडा होत आला होता, आणि घरातला एकही कोपरा मावशींनी शोधायचा ठेवला नव्हता. वादी म्हणजे पायाजवळच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकावर जाणारी ती चामड्याची दोरी. ती काढली की पायाने चालणारं मशीन म्हणजे नुसतं टेबल. मावशींनी कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला, चपलांची खोकी उपसली, पंख्याच्या पातीवर काही दिसतंय का म्हणून मान मोडेस्तोवर वर पाहिलं. सून शाळेत गणित शिकवायची. तिच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठासुद्धा त्यांनी खालीवर करून पाहिला.

"आई, डॉक्टर हो म्हणेपर्यंत ती मिळायची नाही," सून म्हणाली. "आणि आता वह्या होत्या तशा लावून ठेवा. अ तुकडी वर, ब तुकडी खाली."

मावशींनी मुकाट्याने वह्या लावल्या. चोरी पकडली गेल्यावर दुसरं काय करणार?

अडतीस वर्षं त्या रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत बसून शिवत आल्या होत्या. गणवेश, फ्रॉक, विजारी, पडदे, एकदा तर सर्कशीतल्या विदूषकाचा झगाही. पाय मशीनवर आणि जीभ गिऱ्हाइकावर, दोन्ही एकाच वेगाने चालायची. त्यांची एक खोड होती. टीप एकदा सुरू केली की ती संपेपर्यंत त्या थांबत नसत. दारात कुणी उभं राहो, दूध उतू जावो, मशीन टिपेच्या मधे थांबलं असं कधी झालं नव्हतं.

म्हणून तर त्या दिवशी सुनेला कळलं. ती आतल्या खोलीत पेपर तपासत होती. मशीनची खटखट चालू होती आणि मधेच तुटली. सून लाल पेन हातात घेऊन तशीच धावली. मावशी छातीवर हात दाबून बसल्या होत्या, कपाळावर घाम होता, आणि म्हणत होत्या, "काही नाही गं, जरा जळजळतंय." सुनेने ते ऐकून घेतलं नाही. तासाभरात त्या हॉस्पिटलात होत्या, संध्याकाळपर्यंत रक्तवाहिनीत स्टेंट बसला. थोडा उशीर झाला असता तर ही गोष्ट आम्ही अशी हसतखेळत सांगितली नसती.

वाचनालयातल्या ग्रंथपालांचा राखाडी कोट मात्र तसाच राहिला, अर्धी कॉलर शिवलेला, सुई कापडात रुतलेली. मावशींनी घरी येताच हुकूम सोडला, "त्याला कुणी हात लावायचा नाही. पुरा करीन तर मीच." बाकीची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ग्रंथपाल एकटेच म्हणाले, "मी थांबतो. थंडीचं काय, दरवर्षी येते." आणि रोज अंगाभोवती शाल गुंडाळून खिडकीत डोकावून आपल्या कोटाची विचारपूस करून जाऊ लागले.

हृदयाची डॉक्टर तिच्या शाळेच्या दिवसांपासूनची जुनी ओळख निघाली. तिचे पहिलीपासून दहावीपर्यंतचे गणवेश मावशींनीच शिवलेले. पण अट घालताना तिने ती ओळख मधे आणली नाही.

"सहा आठवडे पायमशीन बंद, मावशी. तुम्ही तासन्‌तास न थांबता पाय मारता, ते आत्ता चालणार नाही. त्याऐवजी घरी व्यायामाची सायकल. आधी पाच मिनिटं अगदी हळू, मग वीस मिनिटं जरा जोरात, शेवटी पाच मिनिटं पुन्हा हळू. वीस मिनिटांत ठोके नव्वद ते एकशे दहा. वर गेले की वेग कमी. छातीत दुखलं, गरगरलं, तर तिथेच थांबायचं आणि मला फोन. सहा आठवड्यांची नोंद घेऊन या, मग मशीनचं बघू."

"आणि मोजायला यंत्र नसलं तर?"

"बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता आलं तर तुम्ही आळस करताय."

मावशींचा मुलगा सायकल घेऊन आला. छातीला बांधायचा पट्टा तिच्याबरोबरच मिळाला. तो ठोके मोजून सुनेच्या फोनवर पाठवायचा. सायकल पुढच्या खोलीतच ठेवली, मशीनसमोर. म्हणजे मावशी पाय मारत एकीकडे आणि बघत कोटाकडे.

पहिले काही दिवस रोज भांडण. अडतीस वर्षांची पायांची सवय, ते हळू चालायला तयारच होईनात. पाच मिनिटांत आकडा एकशे अठरा.

"आई, हळू!"

"हळूच चाललेय की."

"फोन बघा."

"फोनला काय कळतंय? तो कधी शिवायला बसलाय?"

वर सायकलची सीट टोचायची. मावशींनी दुसऱ्याच आठवड्यात हातशिलाईने तिच्यावर एक छान गादी केली, निळ्या जाड कापडाची, खाली चेन लावलेली, म्हणजे धुता येईल. तीन दिवस सुखात गेले. चौथ्या दिवशी गादीत एक गाठ लागायला लागली.

"स्पंज फसवा निघाला गं. एका बाजूला टचटचतंय."

"गोळा झाला असेल," सून म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

स्पंज बदलायचं मावशींच्या मनात होतं, पण तोवर त्यांना दुसरंच काम सापडलं. छातीचा तो पट्टा काचायचा. आतल्या बाजूला दोन काळ्या चकत्या, ओल्या करून अंगाला चिकटवायच्या, गार गार लागायच्या. मावशींनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि नाक मुरडलं. शिलाई कच्ची, कडा उघड्या, अस्तर नावालाही नाही. असलं काम त्यांच्या हातून बाहेर पडलं असतं तर त्या चार दिवस जेवल्या नसत्या. दुपारी सून शाळेत गेल्यावर त्यांनी जुन्या मलमलीचं मऊसूत दुहेरी अस्तर कापलं आणि बारीक टाक्यांनी पट्ट्याला आतून असं बसवलं की जन्मापासून तिथेच असावं. पुन्हा पट्टा काचला नाही.

आणि काय नवल, त्या दिवसापासून आकडे शहाण्यासारखे वागायला लागले. शहाण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव. कधी आकडा यायचा, कधी बराच वेळ नुसत्या रेघा. मधली जागा फोन आपला एक सरळ रेषा मारून भरून काढायचा. रात्री सून आलेख बघायची आणि तिचा चेहरा उजळायचा. "आई, कमाल केलीत! मुलांना दाखवावा असा आलेख आहे."

मावशी हसायच्या. पण त्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

त्याचं कारण असं की मावशी गिऱ्हाइकाने तोंडी सांगितलेलं माप कधी घेत नसत. कुणी म्हणालं, "माझी कंबर बत्तीस," की त्या "हो का," म्हणत आणि टेप लावत. निघायची छत्तीस. हॉस्पिटलातल्या नर्सने त्यांना मनगटावर दोन बोटं ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद ठोके मोजायला आणि चारने गुणायला शिकवलं होतं. सायकलवर बसून मावशी तेही करायच्या, रोज, चार वेळा. आणि शेजारच्या टेबलावर उघड्या असलेल्या मापांच्या वहीत लिहायच्या. फोन म्हणायचा सत्त्याण्णव, बोटं म्हणायची एकशे बारा. मावशी बोटांचं ऐकून पाय सावकाश करायच्या.

पण सुनेला मात्र त्या बोलल्या नाहीत. तो आलेख इतका देखणा होता! त्या आलेखाच्या दुसऱ्या टोकाला वादी होती. फोन चुकतोय म्हटलं तर सून सगळं पहिल्यापासून करायला लावील, ही धास्ती. एवढी धीराची बाई, आणि तिने हे लपवून ठेवलं. लाज वाटायची त्यांना. तरी रोज वाटायचं, उद्या सांगू.

उद्या सांगू करता करता सहा आठवडे संपले.

डॉक्टरने सुनेने आणलेल्या आलेखाचे कागद एकेक करून पाहिले. पहिले काही ठीक होते. पुढचे बघताना तिच्या भुवया वर जात राहिल्या.

"मावशी, हे पट्टीने आखल्यासारखं आहे. जिवंत माणसाचं हृदय इतकं सरळ चालत नाही. पट्टा आणलाय का?"

पट्टा पिशवीत होता. डॉक्टरने तो उलटा केला, मलमलीवरून अंगठा फिरवला, टाके बघितले आणि खो खो हसत सुटली.

"काय सुंदर काम आहे! पण मावशी, या चकत्या कातडीला टेकल्याशिवाय त्यांना काही कळत नाही. तुम्ही त्यांच्या कानात कापूसच घातलात. घामाने मलमल भिजली की तेवढ्यापुरतं कधीतरी ऐकू यायचं, एवढंच." मग तिचं हसू ओसरलं. "म्हणजे यातले साडेचार आठवडे बिनकामाचे. यावरून मी मशीनला परवानगी नाही देऊ शकत. सॉरी मावशी. पुन्हा सुरुवात करावी लागेल."

सून आलेखाचे कागद गोळा करायला लागली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बघून मावशींना राहवेना.

"हिची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "फोन खोटं बोलतोय हे मला माहीत होतं. मीच बोलले नाही. मला माझं मशीन हवं होतं." आणि पिशवीतून त्यांनी तेलकट झालेली, पाठ फाटलेली मापांची वही काढली. "पण पाय मी त्याच्या भरवशावर मारले नाहीत गं. हे बघ."

वहीत लांबी, खांदा, छाती, बाही अशा मापांच्या पानांत एका पानावर ग्रंथपालांचा कोट होता आणि त्याच्या पुढच्या पानापासून "मी स्वतः" असं गिऱ्हाईक सुरू होत होतं. सुरुवात ऐंशी. मधे एकशे चार. शेवटी एकशे आठ. थांबल्यावर दोन मिनिटांनी ब्याण्णव. एका दिवशी एकशे सोळा, पुढे शेरा: "जास्त झालं. पाय कमी केले." रोजचे चार आकडे, एक दिवस चुकला नव्हता. आकडे सरळ मुळीच नव्हते, वर जात होते, खाली येत होते, आणि शेवटच्या पानांवर दोन मिनिटांत चांगले खाली येत होते.

डॉक्टर बराच वेळ वाचत राहिली. मग तिने मावशींना दवाखान्यातल्या सायकलवर बसवलं, छातीला वायरी लावल्या, पडदा त्यांच्याकडे पाठ करून फिरवला आणि म्हणाली, "पाय मारा. मी सांगितलं की बोटांनी मोजायचं."

दहा मिनिटांनी तिने हाक दिली. मावशींनी मनगट धरलं.

"एकशे चार."

डॉक्टरने पडद्याकडे पाहिलं. "एकशे पाच." पाच मिनिटांनी पुन्हा. मावशी म्हणाल्या एकशे आठ, पडदाही म्हणाला एकशे आठ.

"पास," डॉक्टर म्हणाली. सुनेने मावशींचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "पण अट ऐका. दिवसाला दोन तास, त्याहून जास्त नाही. आणि दर दहा मिनिटांनी थांबायचं, मोजायचं, खाली आलं की पुढे. टीप अर्धी असली तरी."

"अर्ध्या टिपेत?" मावशींना कुणी शिवी दिल्यासारखं झालं.

"अर्ध्या टिपेत. आणि त्या पट्ट्याचं अस्तर उसवा."

घरी आल्या आल्या मावशींनी तळहात पुढे केला. "आण वादी."

सून सायकलपाशी गेली. तिने निळ्या गादीची चेन सर्रकन उघडली, स्पंजाखाली हात घातला आणि वेटोळं केलेली वादी ओढून काढली.

मावशी बघतच राहिल्या. "महिनाभर मी तिच्यावर बसून होते?"

"आधी पिठाच्या डब्यात होती. मग तुम्ही तो डबा धुवायला काढलात, माझी पळापळ झाली. एवढी एकच जागा उरली होती जी तुम्ही शोधणार नव्हतात."

"आणि स्पंज गोळा झालाय म्हणालीस!"

"तुम्ही तरी फोन चुकतोय हे कुठे सांगितलंत?"

यावर दोघी इतक्या हसल्या की मावशींना खुर्चीत बसावं लागलं, आणि पहिल्यांदा मोजलं तेव्हा पाय न मारताच शंभर भरले. सुनेने त्यांना पाणी दिलं आणि सत्तरीत येईपर्यंत वादी चढवू दिली नाही.

मग वादी चढली. खिडकीबाहेर ग्रंथपाल येऊन उभे होते, बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. मावशींनी पाय ठेवला, कॉलर जराशी सारखी केली, आणि सहा आठवड्यांनी मशीन बोलायला लागलं.

सून आत जाऊन पेपर घेऊन बसली. खटखट चालू होती. तिने एक पेपर तपासला, दुसरा घेतला, तिसऱ्याच्या मध्यावर खटखट तुटली. सुनेच्या हातून पेन पडलं. ती कशी धावली ते तिला आठवत नाही, दारापर्यंत पोचेस्तोवर तिचा श्वास छातीत मावत नव्हता.

मावशी ताठ बसल्या होत्या, पाय मशीनवरून खाली, दोन बोटं मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. सुई कॉलरच्या मधोमध रुतलेली.

त्यांनी दुसरा हात वर करून सुनेला गप्प राहायची खूण केली. पंधरा सेकंद झाले. मग त्या वळल्या, सुनेचा पांढरा पडलेला चेहरा बघितला आणि तिचा हात ओढून तिच्याच मनगटावर बोटं ठेवली.

"माझे शहाण्णव," त्या म्हणाल्या. "तुझे किती ते बघू. बस इथे."

सून त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली. दोघींचे आकडे खाली येईपर्यंत कोट थांबला, आणि ग्रंथपालही थांबले.