शेवटी शिपाई घरी येतो

अख्ख्या वऱ्हाडात आफ्रिकेचं वाळवंट कोळून प्यालेला एकच माणूस होऊन गेला, आणि त्या माणसाने उभ्या जन्मात नागपूरच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. ते माझे मामा. अमरावतीला वकिली करायचे. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा वाटलं होतं की घरभर कायद्याची जाडजूड पुस्तकं असतील. कसलं काय! कपाट उघडलं तर आत उंट, किल्ले आणि बंदुका. नाव-गाव लपवून परक्या देशाच्या पलटणीत भरती झालेले गोरे शिपाई, चहूकडे वाळू आणि पखालीत घोटभर पाणी, असल्या इंग्रजी कादंबऱ्यांचं मामांना वेड. कामानिमित्त अकोल्याला गेले की तिथल्या रद्दीवाल्याकडून कुबट वासाची, कव्हर फाटलेली पुस्तकं घेऊन यायचे, आणि चेहरा असा, की जणू लेकीचं लग्न ठरवून आले.

मे महिन्यात तर विचारूच नका. सारं गाव वाळ्याच्या ताट्यांमागे दडलेलं असताना हा गृहस्थ डोक्याला ओलं उपरणं गुंडाळून, खिशात कांदा टाकून भर उन्हात पायी निघायचा. टांगा का करत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "पलटण पायीच जाते, पोरी." घरी आल्यावर पाणीसुद्धा घोट घोट, पुरवून प्यायचे. मामी करवादायची, "अवो, माठ भरून ठेवला न! कोनासाठी वाचवून राहिले?" एकदा दर्यापूरकडच्या एका अशिलाचा विहिरीचा दावा त्यांच्याकडे आला. तिकडचा सारा मुलूख खारपाणपट्टा, गोड पाण्याची विहीर म्हणजे सोनंच. शेजाऱ्याला तिथे पाणी भरू द्यायचं नाही, एवढंच अशिलाचं म्हणणं. मामांनी काय करावं? दोघांना घरी बोलावलं, वाळवंटात दोन वैरी एकाच पखालीतलं पाणी प्यायले ती गोष्ट रंगवून सांगितली आणि तडजोड करून टाकली. अशील भडकला, "वकीलसाहेब, तुमी माह्या बाजूचे का त्याच्या?" मामा शांतपणे म्हणाले, "तहानेल्याच्या." त्याने पुढे दुसरा वकील केला, पण तडजोड काही मोडली नाही.

मामीला इंग्रजी येत नव्हतं. दुपारी ती ओसरीवर काडीवर कणकेचे, शेवयांसारखे सरगुंडे वळत बसली की मामा समोर बसून तिला पुस्तक वऱ्हाडीत वाचून दाखवायचे. त्यांचे गोरे शिपाई भाकर-ठेचा खायचे आणि सार्जंट त्यांना "बह्याड", म्हणजे वेडपट, म्हणायचा. आता, त्या पुस्तकांत शिपाई शेवटी बहुतेक वाळूतच राहतो. पहिल्याच पुस्तकातला शिपाई मेला तेव्हा मामी रात्री जेवली नाही. तेव्हापासून मामा शेवटचं पान मनानेच रचून सांगू लागले. त्यांचा प्रत्येक शिपाई घरी यायचा, दारातूनच "माय, भूक लागली" म्हणायचा, आणि चुलीवर भाकर तयार असायची. त्यांचा एकुलता एक लेक, आमचा दादा, हेच ऐकत मोठा झाला.

आणि एक दिवस म्हणाला, मी फौजेत जातो. मामांचा चेहरा उतरला. वकिली कर, शेती कर, सारं सांगून झालं. शेवटी त्यांनी मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "जाऊ द्या त्याले. सारेच त वापस येतात. तुमीच त वाचून दाखवलं." कोर्टात भल्याभल्यांना हरवणारा माणूस स्वतःच्या ओसरीवर हरला. नाही म्हणायचं तर सगळ्या पुस्तकांचे खरे शेवट कबूल करायला हवे होते. दादा गेला.

मग उत्तरेला लढाई पेटली आणि दादाची पत्रं थांबली. मामी रोज दुपारी म्हणायची, "वाचा न." मामा वाचायचे. रोज एका शिपायाला घरी आणायचे. त्यांची ती दशा बघवत नव्हती हो! एका दुपारी शेवटच्या पानाशी आले आणि थांबले. चष्मा काढून म्हणाले, "पुढचं दिसत नाही मले."

मामीने हाताचं पीठ झाडलं. "मंग ऐका माह्याकडून. आला तो. अंगभर धूळ, पाय सुजलेले. म्हने, माय, भूक लागली. भाकर तयारच होती. झालं पुस्तक. पुसा डोये."

मामांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तुले मालूम होतं?"

"शेवटच्या पानावर तुमचे डोये हलत नाहीत. पाह्यलं नाही का मी?"

"मंग त्याले जाऊ काहून दिलं?"

"तो जानारच होता. रडून धाडू का त्याले?"

मामांनी पुस्तक मिटलं आणि तिच्या शेजारी बसून सरगुंडे वळायला घेतले. एकही धड वळला गेला नाही.

दादा आला. थंडीने पायाची दोन बोटं गेली होती, पण आला. दारात काठी टेकवली, ओसरीवर बसलेल्या दोघांकडे पाहिलं आणि लबाड हसून म्हणाला, "माय, भूक लागली." मामी चुलीकडे धावली. मामा मात्र आत जाऊन कपाटासमोर उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता मामा नाहीत, मामीही नाही. पुस्तकं माझ्याकडे आहेत. उन्हाळ्यात एखादं काढून वाचते, अजूनही जीव रमतो. फक्त शेवटचं पान आलं, शिपाई वाळूत पडला, की माझा विश्वासच बसत नाही. वाटतं, लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक नसावं.