फॅमिली मागं हाय

हिंगोलीत हॉटेलं किती आहेत हे नगरपालिकेला ठाऊक नसेल, पण मला ठाऊक आहे. कारण त्या सगळ्यांच्या मागच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. पुढचे हॉल नाही, मागच्या खोल्या. बाईमाणूस हॉटेलात शिरलं की तिला पुढं बसू द्यायचं नाही, असा ठराव माझ्या जन्माआधीच कुणीतरी पास करून ठेवला आहे, आणि तो प्रत्येक गल्ल्यावरच्या माणसाला तोंडपाठ आहे. मान वर न करता तो म्हणतो, "फॅमिली मागं हाय."

मागं म्हणजे हात धुवायच्या बेसिनवरून, रिकाम्या सिलेंडरांना वळसा घालून, कांद्याच्या पोत्यावरून उडी मारून. तिथं प्लायवूडचे चार खण आणि त्यांना पडदे. पडद्याचा मूळ रंग कोणता, हे सांगायला पुरातत्त्व खात्याची माणसं आणावी लागतील. पंखा असतो, पण तो शोभेला. वेटर एकदा पाणी ठेवून गेला की त्याची बदली होते. वसमतला अशा एका खणात मी बसले होते. ऑर्डर दिली तेव्हा हळद शेतात उभी होती. जेवण आलं तोवर ती निघाली, शिजली, वाळली आणि बाजारात विकलीही गेली.

मग घरीच जेवावं ना बाई, असं आमचे हे म्हणतात. त्यांचं पोट इतकं नाजूक, की हॉटेलच्या पाटीवरचं जेवणाचं चित्र पाहिलं तरी ते ओव्याची डबी शोधतात. मी नरसीच्या बाजूला शाळेवर शिकवते. दिवसभर साठ लेकरांशी बोलून माझ्या जिभेला जे श्रम होतात, त्याचा मोबदला तिला मिळाला पाहिजे, असं माझं मत आहे. म्हणून मी खात हिंडते. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरचं वांग्याचं भरीत मीच शोधून काढलं. पहिल्याच घासाला असा ठसका लागला, की वाशीमकडं चाललेल्या ट्रकनं हॉर्न समजून बाजू दिली. वसमतच्या त्या खणातली अंबाडीची भाजीसुद्धा अशी होती, की अर्धी वाटी संपेपर्यंत मी राग विसरले. उरलेल्या अर्ध्या वाटीला तो परत आला.

पण खरी गोष्ट येसरच्या आमटीची आहे.

ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं आणि मसाला, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलं की येसर होतं. लग्नाच्या पंगतीत त्याची आमटी नसेल तर आमच्याकडं लोक नवरीकडंही बघत नाहीत. या आमटीचा एकच नखरा आहे. ती उकळती पाहिजे. ताटात बुडबुडे दिसले पाहिजेत. निवली की तिची खळ होते, मग तिनं फक्त भिंतीवर पोस्टरं चिकटवावीत.

हिंगोलीतल्या एका हॉटेलात ती मिळते. नाव सांगणार नाही, उगाच त्याची जाहिरात होईल. हॉलच्या कोपऱ्यात, अगदी गिऱ्हाइकांसमोर, चूल मांडलेली आहे. एक बाई तिथं भाकरी थापते आणि शेजारी आमटीचं पातेलं रटरटत असतं. हॉलमधल्या माणसाला भाकरी तव्यावरून उठून तीन ढांगांत मिळते. मागच्या खोलीतल्या माणसाला, म्हणजे मला, ती पापड होऊन मिळते. आमटीवर साय धरलेली. पण पहिल्याच दिवशी मी ती साय बोटानं बाजूला केली आणि खालून जो वास आला, त्यानं मी खणात उठून उभी राहिले. तो माझ्या सासूबाईंच्या आमटीचा वास होता.

सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. मागच्या हिवाळ्यात त्या अंगणात पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मुठीत जोर आला नाही. पन्नास वर्षं येसर भाजणाऱ्या बाईला कढईत उलथनं फिरवता येईना. डब्यातलं शेवटचं येसर संपलं आणि त्यासोबत मामींची भूकही संपली. ताट पुढं ठेवलं की दोन घास आणि "बस माय". डॉक्टर म्हणाले, अशा जेवल्या नाहीत तर औषधं काही कामाची नाहीत. मी माझ्या हातानं येसर करून पाहिलं. त्यांनी चाखलं आणि विचारलं, "खडू दळले का गं शाळेतले?" हॉटेलातून पार्सल आणलं, घरी तापवलं, त्याचा गोळा झाला. मामी म्हणाल्या, "हे दाराच्या फटीत भर. विंचू येनार न्हाई."

म्हणजे मामींना तिथंच न्यावं लागणार होतं, आणि हॉलमध्येच बसवावं लागणार होतं. मी मालकाकडं आधी रीतसर विचारायला गेले.

"हॉलमध्ये जेन्ट्स असतात म्याडम," तो म्हणाला. "वातावरण बराबर नसतं."

"काय करतात जेन्ट्स?"

"जेवतात."

"मीही तेच करणार आहे."

"तसं न्हाई. तुमची फॅमिली घेऊन या, मग बघू."

"फॅमिली म्हणजे कोण?"

"म्हंजे, सर."

मी घरी येईपर्यंत धुमसत होते. आमचे हे ऑफिसात माझी ओळख करून देतात ती "ही आमची फॅमिली" अशी. म्हणजे ह्यांच्या शेजारी उभी असले तर मी फॅमिली. एकटी आले तरी बसायचं फॅमिलीत. पण पुढं बसायचं असेल तर फॅमिली मी नव्हे, ते. माझीच ओळख मला त्यांच्या खिशातून मागून आणायची. आणि ते तर ओव्याची डबी घेऊन घरी बसलेले. मी त्या रात्री भाकरी इतक्या जोरात थापल्या, की खालच्या मजल्यावरची माणसं भूकंप म्हणून अंगणात आली.

रविवारी दुपारी मामींना रिक्षात घातलं आणि नेलं. दारातून शिरताच मामींनी उजवीकडं चूल बघितली, पातेलं बघितलं, नाक वर केलं आणि चुलीजवळच्या पहिल्या टेबलावर जाऊन बसल्या. मला काही बोलावंच लागलं नाही. हॉल भरलेला होता. माणसांच्या हातातले घास हातातच राहिले. जणू मामी उंटावर बसून आत आल्या होत्या.

वेटर धावत आला. चाळिशीचा, खांद्यावर फडकं.

"मावशी, फॅमिली मागं हाय."

मामींनी त्याच्याकडं नीट बघितलं. "कोनाची?"

"तुमची. फॅमिली मागं हाय, तिकडं बसा."

"माझी फॅमिली तं वारली बाबा," मामी म्हणाल्या. "दहा साल झाले. मागं कुठं बसून राहिली म्हन्तो?"

पलीकडच्या टेबलावर कुणाला तरी ठसका लागला. वेटरचा चेहरा असा झाला, की त्यानं खरंच एकदा मागच्या खोलीकडं वळून पाहिलं.

"तसं न्हाई मावशी. लेडीजची सोय मागं हाय."

"मंग आमटी बी मागंच हाय का?"

"आमटी इथं हाय."

"मंग मी इथं हाय."

एक सफारीवाले गृहस्थ अत्यंत गोड आवाजात मला म्हणाले, "ताई, मागं पंखा हाय. आजींना तकलीफ होईल इथं."

"मग तुम्ही जा ना मागं," मी म्हणाले. "तुम्हाला घाम आलाय."

त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग मालक आला. दोन्ही हात जोडून आला, कारण हात जोडले की समोरच्याला ओरडता येत नाही, ही हॉटेलवाल्यांची विद्या. "म्याडम, तुमी शिकलेल्या हात. चार मानसं बघून राहिली. बायामानसं इथं बसली तं गिऱ्हाईक नाराज होते."

त्या क्षणी माझा जो आवाज चढला, तो औंढ्यापर्यंत गेला असणार. चुलीपुढच्या बाईकडं बोट करून मी विचारलं, "ही कोण आहे? सकाळी दहापासून ही याच हॉलमध्ये, याच जेन्ट्सच्या समोर बसलेली आहे. हिचं वातावरण कोण बघतं?"

मालकाला प्रश्नच कळला नाही. "ती?" तो म्हणाला. "ती तं कामाला हाय."

खरं सांगते, मी खूप जणांवर चिडले आहे. हेडमास्तरांवर, मतदारयाद्यांच्या कामावर, पेपर फोडणाऱ्यांवर. पण इतक्या साध्या आवाजात सांगितलेल्या वाक्यावर मी कधी एवढी चिडले नव्हते. राबणारी बाई दिसली तर चालते. जेवणारी बाई दिसली की गिऱ्हाईक नाराज. माझ्या तोंडात शब्द इतके आले, की ओठांच्या दारात गर्दी झाली आणि एकही बाहेर पडेना.

मी उभी होते, मालक उभा होता, वेटर फडकं पिळत होता. तेवढ्यात भाकरीवाली बाई उठली. तिनं तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी उलथन्यावर घेतली आणि वेटरची वाट न पाहता सरळ मामींच्या पुढच्या ताटात ठेवली. मग पातेल्यातून दोन वाट्या भरल्या, एक मामींना, एक मला. आमटीवर बुडबुडे होते.

"निवल माय," ती मामींना म्हणाली. "जेव आधी."

मालक तिच्याकडं बघत राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही, परत जाऊन पुढचा गोळा परातीत थापायला घेतला.

मामींनी डाव्या हातानं भाकरी मोडली. आतून वाफ निघाली. घास आमटीत बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले. पूर्ण हॉल त्यांच्या तोंडाकडं बघत होता, सफारीसुद्धा.

"धने जास्त भाजले," मामी म्हणाल्या.

"व्हय," चुलीकडून आवाज आला. "मालकाला घाई असते."

"मंद आचेवर ठेवावं. खोबरं बराबर हाय."

एवढं बोलून मामी जेवल्या. एक भाकरी, मग दुसरी, आणि तिसरी अर्धी. वाटी दोनदा भरून घेतली. मी मोजत होते. माझी स्वतःची आमटी समोर निवून खळ झाली, तिला मी हातही लावला नाही. दोघा-तिघांनी ताटं उचलली आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसले. बाकीचे जेवले. कुणाचं वातावरण गेलं, कुठं गेलं, मला दिसलं नाही.

मला वाटलं, झालं. जिंकलो. पण ही माणसं आपल्याला जिंकूसुद्धा देत नाहीत.

पुढच्या रविवारी मामी सकाळी नऊलाच नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या. आठवडाभर घरी पुन्हा दोन घासांवर होत्या, पण त्या दिवशी विचारलं, "काहून उशीर करून राहिली?" आम्ही हॉटेलात पोचलो. दारातच, चुलीच्या वर, नवी कोरी पाटी. लाल अक्षरं, खाली दोन रेघा: "हॉलमध्ये महिलांनी बसू नये. फॅमिली रूमची स्वतंत्र सोय आहे." रंग वाळलाही नसेल.

मालक गल्ल्यावर होता. या वेळी त्यानं मान वर केली होती, मुद्दाम.

मामी पाटीकडं बघत होत्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. सही येते, तीही डाव्या हातानं आता वाकडी होते.

"काय लिवलंय गं?"

मी पाटीकडं बघितलं, मालकाकडं बघितलं, चुलीपुढच्या बाईकडं बघितलं. तिचा हात परातीवर थांबला होता.

"लिहिलंय," मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "चुलीजवळच्या टेबलावर भाकरी गरम मिळेल. म्हाताऱ्या माणसांनी आधी बसावं."

"चांगलं केलं," मामी मालकाला म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली. वेटरनं पाटी वाचली, मग माझ्याकडं बघितलं, आणि पाण्याचे दोन ग्लास आणायला गेला.