वेणूबाईची सुधारलेली बस

शहरातल्या बसगाड्या सुधारून झाल्या, तिथली गर्दी संपली, माणसं गुण्यागोविंदानं रांगा लावू लागली, आणि मग सुधारणावाल्यांचे हात शिवशिवू लागले. आता हे सगळं त्यांचंच म्हणणं बरं का. शहरातल्या माणसांना कुणी विचारलेलं नाही. पण हात शिवशिवले हे खरं, कारण एक दिवस त्यांचा मोर्चा दिघीकडे वळला. दिघीच्या अलीकडे जो छोटा कोळीवाडा आहे, तिथल्या सरपंच हरेश्वरनं सगळ्यांना व्हॉट्सॲपवर कळवलं, की मोठी माणसं पाहणीला येणार आहेत आणि माणगावच्या सकाळच्या गाडीत बसून प्रवाशांशी बोलणार आहेत.

आता त्या गाडीत सुधारण्यासारखं काय होतं, हे वेणूबाईला कळेना. वेणूबाई म्हणजे वाड्यातला सगळ्यात मोठा आवाज. तिनं बंदरावर भाव पुकारला की पलीकडे आगरदांड्याला ऐकू जातो, असं लोक म्हणत. होडीवर मुलगा, आणि विक्रीला ही. माणगावच्या बाजारात पिंपळाखाली बसायची तिची जागा, सासूकडून तिच्याकडे आलेली. त्या जागेवर चार दिवस कुणी दिसलं नाही तर पाचव्या दिवशी दुसरीच कुणी बूड टेकते. बाजाराचा कायदाच तसा. म्हणून ताप असो, सुतक असो, वेणूबाईची पाटी माणगावला जायचीच.

आणि जायची ती लाल गाडीनं. गाडीची वेळ सहाची. पण होड्या काही घड्याळ बघून येत नाहीत, भरतीच्या पाण्याबरोबर येतात. म्हणून कंडक्टर कमलेश बंदराच्या तोंडाशी गाडी उभी करायचा, लिलाव आटपेपर्यंत चहा प्यायचा आणि मग हॉर्न मारायचा. बायका धावत यायच्या, पाट्या मागच्या लांब सीटखाली सरकवायच्या. पाटीतलं पाणी खाली ओघळायचं, पुढची माणसं नाकाला रुमाल लावायची आणि म्हसळा येईपर्यंत बोंबलाचा भावही विचारायची. कमलेशला अधूनमधून मूठभर मांदेली वानोळा म्हणून मिळायची. कुणाचं काही अडत नव्हतं. आता असल्या गाडीला सुधारायचं म्हणजे दुखणं नसताना इंजेक्शन घेणं!

पण पाहुणे येणार म्हटल्यावर वाड्याच्या अब्रूचा प्रश्न आला. आदल्या संध्याकाळी देवळापाशी बायका जमल्या. वेणूबाईनं फर्मान काढलं.

"उद्या गाडीत एक पाटी दिसता कामा न्हाय. शेरातली मान्सं, त्यांना वास सोसनार हाय? पावना दारात आला का झाडू दाराआड ठेवतो ना आपन? तशी मासली ठेवायची. नि हलदीला जाताय अशा नटून या."

तिची सून ऋतिका हळूच म्हणाली, "पण आई, मासली घेऊनच तर आपण जातो."

"तू गप बस गो. चार बुकं शिकलीस, पन पावनचार शिकली न्हायस."

झालं! दुसऱ्या दिवशी मासळी बंदरावरच रितेशच्या टेम्पोत गेली. हा रितेश व्यापारी. तो देईल तो भाव आणि वर त्याचे उपकार. आणि लाल गाडीत चढल्या कोण? तर नऊवारी नेसलेल्या, अंगभर सोनं घातलेल्या, अबोलीची वेणी माळलेल्या बायका. हात मोकळे. गाडी फिनाईलनं धुतलेली. कमलेशनं तर दाढीसुद्धा केली होती.

पाहणीला आलेल्या मॅडमचं नाव तेजस्वी. मुलगी गोड, हसरी, हातात टॅब. ती थेट वेणूबाईच्या शेजारी बसली.

"मावशी, प्रवासात सोबत काय सामान असतं?"

"सामान? कायसुद्दा न्हाय! आमी अशाच जातो, मोकल्या हातानं."

"गाडी वेळेवर सुटते का?"

आता खरं सांगावं तर बिचाऱ्या कमलेशची नोकरी जायची. वेणूबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "तुमचं घड्याल लावून घ्या हिच्यावर."

"मग काही त्रास?"

काहीच त्रास नाही म्हणणं पाहुण्याला बरं दिसेना. वेणूबाईनं खूप विचार केला. "उकडतं बाय. नि खिडकीतनं धूल येते, सोन्यावर बसते."

तेजस्वीनं सगळं टिपून घेतलं. वर वेणूबाईचा हसतानाचा फोटो काढला. वेणूबाईनं तिला बळेबळे चहा पाजला, डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतक्या प्रेमानं कुणी करून घेतलं नसेल.

सरकारी कामं होत नाहीत म्हणून आपण उगाच ओरडतो. हे काम झालं! दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा बाहेर पडल्या, त्याच सुमारास नवी बस आली. पांढरी शुभ्र, आतून गारेगार. उकडत होतं ना, घ्या एसी. धूळ येत होती ना, घ्या, खिडक्या कायमच्या बंद. सामान नसतं ना, मग सीटखालची जागा कशाला हवी? तिथं बॅटऱ्या बसवल्या. आणि वेळ तर अशी, की सहाला दार आपोआप मिटतं आणि गाडी आपोआप वरच्या साहेबाला कळवते की निघाले. आणि बसच्या अंगावर हा एवढा मोठा फोटो! सोन्यानं मढलेली, बत्तिशी दाखवत हसणारी वेणूबाई. खाली लिहिलेलं, 'आमची बस, आमची शान'. वेणूबाईनं स्वतः फीत कापली, नारळ फोडला आणि पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन बंदरावरून धावत आली, तेव्हा गाडी केव्हाच गेली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा लवकर परतला, गाडी मिळाली. पण दारात कमलेश आडवा. गळ्यात टाय, चेहरा उतरलेला.

"मावशी, मासळी चालत नाही आता. आत कॅमेरा आहे."

"अरे मेल्या, माजी मांदेली खाऊन तुजी पोरं मोटी झाली!"

"मला काय कळत नाही का? पण काच उघडत नाही. वास आत कोंडला की लोक तक्रार करतात, आणि मग मी घरी."

दार मिटलं. वेणूबाई रस्त्यावर पाटी घेऊन उभी, आणि बसच्या अंगावरची वेणूबाई दात काढत तिच्या समोरून निघून गेली. त्या दिवशी बाई घरी येऊन रडली. ओटीवर बसून, पदर तोंडात घालून रडली.

लाल गाडी पुन्हा सोडा म्हणून हरेश्वर दोनदा साहेबांना भेटला. साहेब म्हणाले, तुमच्याच लोकांनी मागितलं ते सगळं दिलं, आता आणखी काय हवं? रिक्षानं पाटी न्यावी तर मासळीची कमाई रिक्षावालाच खातो. उरला रितेशचा टेम्पो. मुलाची सगळी मासळी त्यात जाऊ लागली, आणि रितेशला आता भाव सांगायचीही गरज राहिली नाही.

पण पिंपळाखालची जागा? सासूची जागा अशीच सोडायची? वेणूबाईनं मग एक तोड काढली. रोज सकाळी ती एसी गाडीत बसून मोकळ्या हातानं माणगावला जाऊ लागली. तिथं बाहेरगावचा बर्फातला माल घेऊन ट्रक येतो; त्यातला बांगडा विकत घ्यायचा, बाजारातच ठेवलेल्या पाटीत मांडायचा आणि पिंपळाखाली बसायचं. दर्याकाठची कोळीण माणगावात मासळी विकत घेते! ऐकलंय कुणी कधी? जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "वेणूबाई, आजची ना?" आणि जिचा आवाज खाडीपार जायचा, ती मान खाली घालून बर्फ सारखा करायची.

एक दिवस पिंपळाखाली तेजस्वी मॅडम आली. तोच टॅब, तेच गोड हसू. बस सुधारली म्हणून प्रवासी किती खूश आहेत, ते विचारत फिरत होती.

"मावशी! ओळखलंत का? तुमचा फोटो तर सगळीकडे गाजतोय. मला घरी न्यायला मासळी द्या. तुमच्या होडीची ताजी आहे ना?"

पाहुणीच ती. वेणूबाईच्या तोंडावर 'व्हय' आलं होतं. पण आज ते बाहेर पडेना.

"न्हाय गो बाय. ताजी मी हाय, एसीत बसून आलेय. मासली शिली हाय. ही आमची न्हाय."

तेजस्वीला काही समजेना. मग वेणूबाईनं सगळं सांगितलं. त्या दिवशी लपवलेल्या पाट्या, लिलावासाठी थांबणारा कमलेश, सगळं. मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, पण मग मला तसं का सांगितलंत? सामान काही नसतं, मोकळ्या हातानं जातो म्हणून?"

"तुमाला वास नको म्हनून," वेणूबाई म्हणाली.

तेजस्वीनं टॅबवरचा फॉर्म उघडला. "मी काय करू आता? तोच प्रश्न पुन्हा विचारायचाय. सोबत काय सामान असतं?"

वेणूबाईनं आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले.

"तवा लिवलंस तेच लिव. मोकल्या हातानं जाते. आता ते खरं झालंय."