शेडकडे तोंड करून

तासगावच्या रस्त्याला बेदाण्याच्या शेडसमोर चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ रोज शेडकडे तोंड करून बसतात. बशी दोन्ही हातांनी धरतात आणि प्रत्येक बोलणं "तसं न्हवं" म्हणून सुरू करतात. गुडघे गेले तसा त्यांनी शेडमधला आपला वाटा भागीदारांना विकून टाकला.

मी इंग्रजीचा मास्तर. एकदा पेपर पुढे करून त्यांनी विचारलं, "तसं न्हवं मास्तर, डिसइन्व्हेस्टमेंट आन डायव्हेस्टमेंट, ह्यात फरक काय?"

"लोक दोन्ही एकच धरतात. पण पहिल्यात बहुतेकदा वाटा नुसता कमी करायचा, एक पाय आत ठेवायचा. दुसऱ्यात सगळं विकून मोकळं व्हायचं."

"मग माझं दुसरं. आपलं काय न्हाई आता तितं."

परवा चहा पितानाच आभाळ भरून आलं. चारही बाजूंनी उघड्या शेडमध्ये द्राक्षं वाळत होती. बशी ठेवून ते लंगडतच रस्ता ओलांडून गेले. मीही मागोमाग गेलो. फाटकातून त्यांनी हाक दिली, "मागल्या ताडपत्र्या सोडा रं!"

त्या कधीच्याच खाली सोडलेल्या होत्या. आतल्या कुणी मानसुद्धा वळवली नाही.

फाटक धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग परत येऊन बाकड्यावर बसले, शेडकडे पाठ करून.