लाल खडू

सोलापुरात बर्फ पडणार असं मी कधीही म्हटलेलं नाही. कुणी विचारो न विचारो, हे मी सांगत राहणार आहे.

मी कुंभारीच्या रस्त्यावरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आवारात पेटीत एक तापमापक आहे आणि फाटकाशी फळा. दुसऱ्या दिवशीच्या हवेचा अंदाज मी त्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं लिहितो. जनावरं आडोशाला घ्यावीत अशी हवा असली, तर लाल खडूनं. ही पद्धत पडली ती एका मेंढपाळ मावशींमुळे. हिवाळ्यात त्या आमच्या शाळेमागच्या रानात मेंढरं बसवतात. "मला वाचता येत न्हाय मास्तर," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "तांबडं दिसलं की मी समजंन." तेव्हापासून लाल खडू खिशात असतो.

गेल्या हिवाळ्यात एकदा आभाळ स्वच्छ, वारा बंद आणि सकाळचा पारा मी इथं कधी पाहिला नव्हता इतका खाली. दुपारीच फळ्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'उद्या पहाटे सखल रानात दव गोठून पांढरा थर दिसण्याची शक्यता. कोकरं आणि कातरलेल्या मेंढ्या आडोशाला घ्या.'

कुणा शहाण्यानं त्याचा फोटो काढला आणि दुसरं वाक्य छाटून टाकलं. तासाभरात मोबाइलवर 'सोलापुरात उद्या बर्फवृष्टी, शिक्षकाचा दावा' असं फिरायला लागलं, सोबत कुठल्याशा डोंगरावरच्या बर्फाचं चित्र. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकानं फोन करून विचारलं, उद्या सुट्टी आहे का. दुसऱ्यानं विचारलं, फोटोला जागा कुठली चांगली. अक्कलकोटचे एक नातेवाईक तर पोरांना घेऊन यायला निघाले होते. मेंढरांचं काय, हे एकानंही विचारलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. "सर, वरून फोन आलाय. शाळेचं हसं होतंय. तेवढं पुसून टाका."

"सर, ते बर्फाचं नाही, दवाचं आहे. मावशींच्या मेंढ्या परवाच कातरल्यात."

"मग त्यांना तोंडी सांगा की. फळाच कशाला पाहिजे?"

मी डस्टर घेतलं आणि पुसलं. मनात राग होता. पण पुसलं.

तडक रानात जायचं होतं. तेवढ्यात फाटकाशी कॅमेरा घेऊन एकजण आला आणि म्हणाला, "सर, बर्फाचं जरा सविस्तर सांगा." झालं. दव म्हणजे काय, बर्फ म्हणजे काय, लोकांना अक्कल कशी नाही, हे मी त्याला वर्गात बसवून दिवस मावळेपर्यंत ऐकवलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कुणीतरी एकदाचं ऐकून घेत होतं. तो गेला तेव्हा अंधार पडला होता. मावशींनी दुपारीच लाल अक्षरं पाहिली असतील असं मी धरून चाललो आणि घरी गेलो.

पहाटे ओढ्याकाठच्या गवतावर पांढरा थर होता. मोबाइल घेऊन आलेली माणसं हिरमुसली. "एवढंच होय, सर?" एकजण म्हणाला. मुख्याध्यापक मात्र खूश होते. "अंदाज बरोबर आला हो तुमचा," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप झटकून टाकावीशी वाटली.

मी शाळेमागच्या रानात गेलो. मावशींनी घोंगडीवर चार कोकरं ओळीनं ठेवली होती. शेजारी एक कातरलेली मेंढी पडली होती, पाय ताठ झालेले. जिवंत होती ती कोकरं त्यांनी डालग्यात घालून वर स्वतःचं पांघरायचं लुगडं टाकलं होतं आणि आपण थंडीत कुडकुडत बसल्या होत्या.

ज्यानं वाक्य छाटलं त्याचा राग मला अजून येतो. मुख्याध्यापकांचा येतो, त्या कॅमेरावाल्याचा येतो. पण डस्टर माझ्या हातात होतं आणि बोलत बसलो तो मीच. मावशींनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

"सांजच्याला येताना फळा बगितला मास्तर," त्या म्हणाल्या. "तांबडं न्हवतं. म्हणून उघड्यावरच ठिवली."