माझाच खड्डा बुजवला

मित्रांनो, डोकं बंद पडलंय. तुमीच सांगा काय करू.

पुण्याच्या एका जुन्या गोल्फ मैदानावर मी बारा वर्षं गवत राखलं. तिथल्या पाचव्या होलवर, म्हंजे खेळाच्या पाचव्या टप्प्यावर, माझा जीव होता. झेंड्याकडं सरळ मारलं तर वाटेतला वाळूचा खड्डा चेंडू गिळतो. उजवीकडून वळसा घातला तर खड्डा टळतो, पण एक फटका जास्त लागतो. ज्यानं तो आखला, त्यानं माणसाची हाव बरोबर ओळखली होती.

तस्साच होल मी गावाकडं, झरीला आमच्या माळावर सहा महिने खपून केला. उद्या सकाळी पुण्याच्या मैदानावरचे आमचे म्हातारे साहेब खास तो बघायला यायलेत.

आज जाऊन बघतो तर वाळूचा खड्डाच गायब! मुरूम टाकून, चोपून सपाट! शेजारचे सोपानमामा मेंढरं घेऊन हसत उभे.

"एखाद्या मेंढराचा पाय मोडला असता बाबा. तुला सवड न्हाई म्हणून मीच बुजवला. दोन दिवस लागले."

मामाला चहा पाजला.

परभणीपासून झरीपर्यंत साहेबांना रस्त्यात खड्डेच खड्डे दिसतील. जो बघायला यायलेत, तेवढाच दिसायचा न्हाई.

फावडं घेऊन कोण यायलंय?