साहेबांच्या केबिनमधला चहा
वेलचीच्या चहाचा वास आला की मला ठाण्याचं ते कामगार ऑफिस आठवतं. हातमोजे मागितले म्हणून कोलशेतच्या कंपनीने मला काढलेलं, आणि कामावर परत घ्यायचं की नाही याची त्या दिवशी अकराला सुनावणी होती. मी सातवीत शाळा सोडलेली, गाव परभणीकडे, इथे माझ्या बाजूने बोलायला फक्त युनियनच्या ताई. आम्ही दोघं बाहेर बाकड्यावर, आणि कंपनीचे वकील साडेदहापासून सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये. शिपाई दोन चहा घेऊन आत गेला तेव्हा उघड्या दारातून वकिलांचा आवाज आला, "माणूस भांडखोर आहे हो, साहेब." केस माझी, आणि मीच बाहेर! डोकं सणकलं, पण मी बाकड्यावरच बसून राहिलो. ताई उठल्या, "चल रे," म्हणाल्या आणि सरळ आत शिरल्या. "साहेब, आम्ही नसताना वकीलसाहेब काय बोलले ते आधी सुनावणीच्या रोजनाम्यात लिहा. मग आम्ही उत्तर देतो." वकील हसले, "अहो ताई, सहज गप्पा चाललेल्या." "मग सहज गप्पा म्हणून लिहा. भांडखोर तेवढं विसरू नका." साहेबांनी कप बाजूला सारला, कागद ओढला आणि मान खाली घालून लिहिलं. त्याखाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. चार महिन्यांनी मी कामावर परत लागलो. ताईंचे उपकार जन्मभर आहेत, पण राग अजून जात नाही. त्या दिवशी ताई नसत्या तर मी बाकड्यावर बसल्या बसल्याच हरलो असतो, आणि वर साहेबांना हात जोडून घरी गेलो असतो.